ट्रिस्टन द कुन्हा: बटाट्यावर चाललेला संसार

दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन द कुन्हा बेटापासून केपटाउन सुमारे २,८०० किलोमीटर दूर आहे. १५०६ मध्ये हिंदुस्थानकडे निघालेल्या पोर्तुगीज आरमाराला हे बेट दिसले. पुढे गोवा जिंकणारा अल्बुकर्क त्याच आरमारात होता. कायमची वस्ती मात्र तीनशे वर्षांनी झाली. सेंट हेलेनावर कैदेत असलेल्या नेपोलियनला इथून कुणी सोडवू नये म्हणून इंग्रजांनी १८१६ मध्ये बेटावर शिबंदी ठेवली. ती पुढच्याच वर्षी परतली. कॉर्पोरल विल्यम ग्लास बायकामुलांसह मागे राहिला. त्याने साथीदारांशी कागद केला: गुरे आणि माल सामाईक, नफा सारखा, कुणी कुणाचा वरिष्ठ नाही. यात उदात्तता असेल, पण मूठभर माणसांना एकमेकांवाचून दुसरा आधारही नव्हता.

पोटाला मुख्यतः बटाटा. वस्तीपासून काही किलोमीटरवरच्या सपाटीवर घरटी वाफे असत. वाऱ्याचा मारा अडवायला त्यांना दगडी गडगे घातलेले. लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणून केलेल्या होड्यांतून लोक नाइटिंगेल बेटावर जात आणि समुद्रपक्ष्यांची अंडी, चरबी व खत घेऊन येत. पीठ, चहा, कापड मिळे ते देवमाशांच्या शिकारी जहाजांकडून, बटाटे आणि मांसाच्या मोबदल्यात.

पुढे शिकारी जहाजे कमी झाली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईकडची वाहतूकही केपचा वळसा टाळू लागली आणि अदलाबदलीचे गिऱ्हाईकच आटले. दिसलेले जहाज गाठायचेच, ही निकड जिवावर बेतणारी होती. १८८५ मध्ये एका जहाजाकडे निघालेली होडी पंधरा पुरुषांसह बुडाली. एवढ्याशा गावातले बहुतेक कर्ते पुरुष एका दिवसात गेले.

पैसा रुळला तो दुसऱ्या महायुद्धात, आरमारी ठाण्यावरच्या मजुरीतून. तरी १९४६ मध्ये तयार केलेल्या तिकिटाच्या नमुन्यावर एका पेनीबरोबर ‘चार बटाटे’ अशी किंमत छापली होती. त्यानंतर शेवंड डबाबंद करण्याचा कारखाना आला. तेव्हापासून समुद्र शांत असेल त्या पहाटे घंटेचा टोला पडतो आणि होड्या सुटतात.

१९६१ मध्ये ज्वालामुखी उसळला. लाव्ह्याने कारखाना गिळला आणि सारे गाव इंग्लंडला हलवावे लागले. तिथे नोकऱ्या होत्या, दुकाने होती. तरीही मतदानात १४८ विरुद्ध ५ असा कौल परतण्याचा लागला. १९६३ मध्ये बहुतेक जण परतले आणि शेवंडांचा धंदा पुन्हा उभा राहिला. जमीन आजही सामाईक आहे आणि बाहेरच्याला ती विकत घेता येत नाही. कोणत्या घराने किती जनावरे पाळायची, यावरही मर्यादा आहे.