रोच्चामेलोने: नवसाचे शिखर

उत्तर इटलीतील सुझा नगराच्या माथ्यावर रोच्चामेलोने हे ३५३८ मीटर उंचीचे शिखर उभे आहे. पायथ्याच्या नोवालेझा मठात अकराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या बखरीत त्याची एक कथा आहे. शिखरावर एका राजाने खजिना ठेवला आहे, अशा समजुतीने आर्दुइन नावाचा सरदार धर्मगुरूंना घेऊन निघाला. हाती क्रूस होता, पवित्र पाणी होते, मुखी स्तोत्र होते. परंतु शिखर गाठण्यापूर्वीच मंडळी माघारी फिरली. आम्हा धर्मगुरूंना ही कथा अंतर्मुख करते.

१ सप्टेंबर १३५८ रोजी आस्तीचा बोनिफाचो रोतारिओ मात्र शिखरावर पोहोचला. परंपरा सांगते, की कैदेत असताना त्याने पवित्र मरियेला नवस केला होता. तो फेडण्यासाठी त्याने बाळ येशूसह मरियेची प्रतिमा कोरलेला, तीन फळ्यांचा धातूचा पट वर नेला. त्यात तो स्वतः गुडघे टेकून आहे.

१८९९ साली इटलीतील बालकांनी दिलेल्या नाण्यांतून तेथे मरियेचा पुतळा उभारला गेला. त्याचे भाग पहाडी सैनिकांनी वर वाहून नेले. ५ ऑगस्टला, हिममाउलीच्या सणास, भाविक तेथे चढून जातात. आकाश निरभ्र असल्यास मोनव्हिझो व मोन्ते रोझा ही शिखरे दृष्टीस पडतात.

खजिना शोधणाऱ्यांना डोंगराने माघारी धाडले. ऋण फेडणाऱ्याने वाट पाडली, आणि त्याच वाटेने मुलांची नाणी वर पोहोचली. वाचकहो, यात्रेस निघताना आपण मागावयास जातो की फेडावयास?