समुद्रतळातील पुरावा आणि कालनिर्णयाचा प्रश्न : द्वारका ते गोवा

इतिहासलेखनात कागदपत्रे, शिलालेख, नाणी व उत्खनित अवशेष यांना साधने म्हणून मान्यता मिळून दीर्घ काळ लोटला. समुद्रतळ हे मात्र भारतात बरेच उशिरा मान्य झालेले साधन होय. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १९६६ मध्ये झाली. तेथे सागरी पुरातत्त्वाचे काम १९८०च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले. लोथलचे उत्खनन करणारे डॉ. एस. आर. राव हे या कामाचे प्रवर्तक. तेव्हापासून जे हाती आले, त्याची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : सापडलेले किती जुने आहे? ते तितके जुने आहे हे कशावरून ठरविले, असे मात्र क्वचितच विचारले जाते. प्रस्तुत लेखाचा रोख या दुसऱ्या प्रश्नाकडे आहे.

इंदापूर तालुक्यातील निरवांगीसारख्या गावांपासून समुद्र दूर असला, तरी पाण्याखाली गेलेली वस्ती या तालुक्याला अपरिचित नाही. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि जुने पळसदेव जलाशयात गेले. उन्हाळ्यात पाणी बरेच ओसरले की तेथील पळसनाथाचे मंदिर उघडे पडते व ते पाहण्यास लोक जमतात. गाव केव्हा बुडाले, कशामुळे बुडाले, हे सांगणारी माणसे हयात असल्याने तेथे आख्यायिकेची गरज पडत नाही. समुद्रतळावरील अवशेषांना असा साक्षीदार नसतो. तेथे काळ आणि कारण ही दोन्ही अवशेषांतूनच काढावी लागतात.

द्वारकेच्या बाबतीत नेमकी येथेच अडचण आली. १९८३ पासून डॉ. राव यांच्या मार्गदर्शनाखाली गोमतीच्या मुखाशी पाणबुड्यांनी शोध घेतला. घडीव दगडांची बांधकामे आणि मोठ्या संख्येने दगडी नांगर आढळले. काही नांगर त्रिकोणी असून त्यांना तीन छिद्रे आहेत. डॉ. राव यांनी या अवशेषांचा संबंध महाभारतातील द्वारकेशी जोडला आणि हा निष्कर्ष देशभर पोहोचला. परंतु दगडाचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढता येत नाही, आणि लाटांच्या माऱ्यात जमिनीवरच्यासारखे थरही टिकत नाहीत. त्याच संस्थेतील ए. एस. गौर, सुंदरेश प्रभृती संशोधकांनी पुढे हे नांगर व बांधकामे पुष्कळ अलीकडची, ऐतिहासिक अथवा मध्ययुगीन काळातील असावीत, असे मत मांडले. जवळच्या बेट द्वारकेवर मात्र उत्तर हडप्पाकालीन मृद्‌भांडी आणि तीन मुखांच्या प्राण्याची शंखमुद्रा मिळाली आहे. तेथील वस्तीची प्राचीनता त्यामुळे संशयातीत ठरते. डॉ. राव यांचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, बेट द्वारकेचा भक्कम पुरावा आणि गोमतीमुखाचा संदिग्ध पुरावा एकाच मापाने मोजले गेले, हे योग्य झाले नाही.

खंबातच्या आखाताचे प्रकरण याहून धक्कादायक म्हणावे लागेल. तेथील समुद्रतळावर नगररचनेसारखी चिन्हे आढळल्याची घोषणा मे २००१ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री डॉ. मुरली मनोहर जोशी यांनी केली. आधार होता ध्वनिलहरींनी घेतलेल्या प्रतिमांचा आणि तळातून खरवडून काढलेल्या वस्तूंचा. त्यांतील लाकडाच्या एका तुकड्याचे वय सुमारे ९,५०० वर्षे निघाले. लाकूड तितके जुने असेलही. परंतु भरती-ओहोटीच्या प्रचंड प्रवाहांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या आखातात ते कोठून वाहत आले, हे कोणास सांगता येणार? लाकडाचे वय म्हणजे नगराचे वय नव्हे. पदवीच्या वर्गात पुराव्याचा संदर्भ म्हणजे काय हे शिकविण्यास याहून उत्तम उदाहरण नाही.

याउलट, ज्यांच्याविषयी वृत्तपत्रांतून फारसे लिहिले गेले नाही, अशा गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या जहाजबुडींनी इतिहासाला अधिक खात्रीचे काही दिले आहे. सुंची रीफ या खडकाळ भागात १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. सिला त्रिपाती व त्यांच्या सहकाऱ्यांना सतराव्या शतकातील पोर्तुगीजकालीन जहाजाचे अवशेष मिळाले. त्यांत तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, मर्तबान घागरींचे तुकडे आणि घडीव ग्रॅनाइटचे दगड होते. भाजलेल्या मातीला अखेरची उष्णता केव्हा मिळाली हे थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने ठरविता येते. त्यामुळे येथे कालनिर्णय तर्कावर सोडावा लागला नाही. पाणघोडा हा आफ्रिकेतील प्राणी आणि मर्तबान हे ब्रह्मदेशातील बंदर. चीन, ब्रह्मदेश व आफ्रिका यांच्याशी असलेला गोव्याचा व्यापार दप्तरांतून ठाऊक होता. येथे तो प्रत्यक्ष मालाच्या रूपाने एका ठिकाणी पडलेला आढळला. गोव्यातील चर्चमधील हस्तिदंती मूर्तींचा अभ्यास करणाऱ्यांना कच्च्या मालाची ही साक्ष मोलाची वाटेल.

सेंट जॉर्ज रीफवरील दुसरे जहाज तर शिक्क्यानेच बोलते. त्यावर सोने नव्हते, तोफाही नव्हत्या. होती ती इमारतीसाठीची भाजलेली माती : कौले, धुराड्याच्या विटा, स्तंभांचे पोकळ भाग आणि पाश्चात्त्य धर्तीची नक्षीदार स्तंभशीर्षे. त्यांवर बासेल मिशनच्या कौल कारखान्याचे नाव व १८६५ हे वर्ष आहे. मंगळूर येथे मिशनने कौलांचा कारखाना त्याच वर्षी सुरू केला. अर्थात ठशातील वर्ष कारखान्याच्या स्थापनेचे असल्याने जहाज त्याच वर्षी बुडाले असे होत नाही. ते त्यापूर्वी बुडालेले नाही, एवढेच निश्चित होते. हे एवढेसे विधानही किती पक्के आहे, हे द्वारका व खंबात यांच्या शेजारी ठेवले असता ध्यानात येते.

मंगळुरी कौले पुढे कोकणापुरती राहिली नाहीत. देशावरही शाळा, रेल्वेच्या इमारती आणि सधन घरे त्यांनी शाकारली गेली. त्या कौलांचा किनारी मार्गावरचा प्रवास कारखान्याच्या वह्यांत नोंदला गेला असेल वा नसेल, त्यातील एक खेप मात्र गोव्याच्या खडकावर जशीच्या तशी राहिली. जहाजाचे नाव अद्याप निश्चित झालेले नाही. ही कौले व ते स्तंभ कोणाच्या वास्तूसाठी निघाले होते, हे शोधण्यासाठी आता पाण्यात उतरण्यापेक्षा मंगळूर आणि पणजी येथील दप्तरे चाळणे अधिक उपयोगी पडेल.