एक मोजायची युक्ती कुणाची?

सॉफ्टवेअरच्या मुलाखतीतला ठरलेला प्रश्न: दिलेल्या पूर्णांकाच्या द्विमान रूपात एक किती? तयारीचा उमेदवार ‘कर्निघनची पद्धत’ म्हणून मोकळा होतो. संख्येतून एक वजा करायचा आणि उत्तराचा मूळ संख्येशी ‘अँड’ घ्यायचा. ४४ म्हणजे १०११००, ४३ म्हणजे १०१०११. दोन्हींचा अँड १०१०००. सगळ्यात उजवीकडचा एक पुसला गेला. शून्य उरेपर्यंत हेच करत राहायचं. ४४ला तीन फेऱ्या लागतात, कारण तिच्यात एक तीनच आहेत. शून्यांवर वेळ जात नाही.

युक्ती देखणी आहे, पण कर्निघन यांची नव्हे. कर्निघन आणि रिची यांच्या सी भाषेवरच्या पुस्तकात ती स्वाध्यायात आली, पुस्तक जगभर गेलं आणि नाव चिकटलं. ती छापली होती पीटर वेग्नर यांनी, १९६० साली, ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मध्ये. गणिती डेरिक लेमर यांनाही ती स्वतंत्रपणे सापडली. त्यांची १९६४मध्ये प्रसिद्ध झाली.

मोजणीची गरज मात्र याहून जुनी. १९५१मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आलेल्या फेरांटी मार्क १ या संगणकाला एक मोजणारी स्वतंत्र आज्ञाच होती. तेरा वर्षांनी सीमोर क्रे यांच्या सीडीसी ६६००मध्येही ती होती, साठ बिटांच्या अख्ख्या शब्दासाठी. अमेरिकेच्या गुप्तलिपी फोडणाऱ्या खात्याने ती मागून घेतली, अशी दंतकथा आहे. मला ती पटण्यासारखी वाटते. दोन सांकेतिक मजकुरांचा ‘एक्सऑर’ घेतला, की जिथे फरक तिथेच एक उरतो. एक मोजले की फरक किती ते कळतं. बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५०मध्ये चुका पकडणारे संकेत मांडले, त्यांतलं अंतरही हेच.

गंमत म्हणजे घरोघरच्या पीसीला ही आज्ञा कित्येक वर्षं मिळाली नाही. १९७८च्या ८०८६मध्ये ती नव्हती. मग प्रोग्रामरांनी २५६ उत्तरांचा तक्ता आधीच करून ठेवावा, नाहीतर शेजारच्या बिटांच्या जोड्या, मग चौकड्या अशी बेरीज करत जावी. वेग्नर यांची युक्ती या रिकाम्या जागेतच फोफावली. एएमडीने २००७मध्ये आणि इंटेलने २००८मध्ये ‘पॉपकाउंट’ची आज्ञा चिपमध्ये घातली. आता क्लँगसारखा कंपायलर वेग्नर यांचा लूप ओळखतो आणि चिपमध्ये सोय असेल तर तो काढून तिथे ही एकच आज्ञा बसवतो.