‘कार्सिनॉइड’ : एका नांवाचा इतिहास

‘सारखा’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. वस्तु नक्की कोणती हें कळेनासें झालें कीं तिला दुसऱ्या कशासारखी म्हणून आपण मोकळे होतों. वैद्यकांतहि असें एक नांव रूढ झालें आणि त्यानें वैद्यांची दृष्टि बराच काळ बांधून ठेवली. त्या नांवाचा इतिहास मी आज सांगणार आहें.

१९०७ सालीं ड्रेस्डेन येथें जर्मन विकृतिशास्त्रज्ञांच्या सभेंत म्यूनिचच्या सीगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनीं लहान आतड्यांतील कांहीं बारीक गांठींचें वर्णन केलें. सूक्ष्मदर्शकाखालीं त्या कर्करोगासारख्या दिसत. पण वाढत अगदीं सावकाश, आणि इतरत्र पसरत नाहींत असें त्यांचें मत झालें. म्हणून त्यांना ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारख्या, असें नांव मिळालें. वास्तविक १८९० सालीं इंग्लंडांत रॅन्सम यांनीं अशाच एका रोगिणीची हकीकत छापली होती. जेवणानंतर तिला जुलाब होत, छातींत घरघर होई. आणि आतड्याबरोबर यकृतांतहि गांठी सांपडल्या होत्या. पुराव्याचा हा कागद साठएक वर्षें दप्तरांत पडून राहिला.

१९२९ सालीं मात्र ओबर्नडॉर्फर यांनीं स्वतःच लिहिलें कीं, या गांठी घातकहि होऊं शकतात व पसरतात. माझ्या मतें १९०७ च्या शोधापेक्षां हें लिहिणें अधिक मोठें. पुढें १९३३ सालीं, ते ज्यू म्हणून, नाझी राजवटींत त्यांची जागा गेली. इस्तंबूलच्या विद्यापीठानें त्यांना आश्रय दिला आणि तेथेंच १९४४ सालीं ते वारले. दुरुस्ती छापली गेली, पण सौम्य नांव तसेंच चालू राहिलें.

आतां रॅन्समच्या रोगिणीचें कोडें. १९५३ सालीं लेम्बेक यांना या गांठींत सेरोटोनिन हें द्रव्य सांपडलें, आणि १९५४ सालीं स्वीडनमधील वाल्डेनस्ट्रॉम प्रभृतींनीं सारीं लक्षणें एका सूत्रांत ओंवलीं. आतड्यांतील रक्त प्रथम यकृतांत जातें. तेथें गांठीचे स्राव बहुतांशीं निष्क्रिय होतात, त्यामुळें मूळ गांठ वर्षानुवर्षें मुकाट बसते. पण यकृतांतच दुय्यम गांठी झाल्या म्हणजे त्यांचे स्राव सरळ हृदयाकडे जातात. मग चेहरा एकाएकीं लाल होतो, जुलाब लागतात, दम लागतो, आणि हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड होतात. डावी बाजू बहुधा वांचते, कारण मध्यें फुप्फुसें ही द्रव्यें पुष्कळशीं नष्ट करतात. घरांतील मोरीला जाळी असावी आणि कचरा जाळीपलीकडे जमावा, तसा हा प्रकार!

निदानाची खरी अडचण येथेंच आहे. जुलाब म्हटले कीं पोट बिघडलें म्हणतात, घरघर म्हटली कीं दमा. चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रीचा चेहरा तापला तर वयाचा दोष ठरतो. सांवळ्या कातडीवर तर ही लाली चटकन दिसतहि नाहीं. अशा रीतीनें रोग्याचीं कित्येक वर्षें जातात. चोवीस तासांचें मूत्र जमवून त्यांत सेरोटोनिनपासून होणारें द्रव्य मोजतां येतें. पण तें मोजण्याची आठवण आधीं कोणाला तरी व्हावी लागते.

उपायाचा मार्ग आडवाटेनें सांपडला. १९७३ सालीं अमेरिकेंत गियमँ यांच्या प्रयोगशाळेंत, वाढ करविणारें द्रव्य शोधतां शोधतां, वाढीचा स्राव थांबविणारें सोमॅटोस्टॅटिन हातीं लागलें. तें रक्तांत कांहीं मिनिटेंच टिकतें, म्हणून पुढील दशकांत त्याची टिकाऊ प्रतिकृति, ऑक्ट्रिओटाइड, तयार झाली. यापैकीं अनेक गांठींच्या पेशींवर या द्रव्याला धरणाऱ्या जागा असतात. १९८९ सालीं रॉटरडॅम येथील क्रेनिंग व त्यांचे सहकारी यांनीं त्याला किरणोत्सर्गी आयोडीन जोडून शरीरांत दडलेल्या गांठींचें चित्र घेतलें. ज्यानें शोधावें त्याच्याच हातीं शस्त्र द्यावें, ही पुढची पायरी: त्याच जातीच्या रेणूला ल्युटेशियम-१७७ जोडून गांठीपर्यंत किरण पोंचविणें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या २२९ रोग्यांच्या चांचणींत, वीस महिन्यांनंतर रोग न वाढलेल्यांचें प्रमाण या उपचारानें ६५ टक्के, तर केवळ ऑक्ट्रिओटाइडच्या मोठ्या मात्रेनें ११ टक्के असें अंदाजलें गेलें. हा रोगाचा समूळ नाश नव्हे. ज्या गांठींवर त्या जागाच नाहींत, तेथें हें औषध चालत नाहीं. आणि झपाट्यानें वाढणाऱ्या प्रकाराला निराळीं, तीव्र औषधें द्यावीं लागतात.

आपल्याकडे हें नांव घरोघर पोंचलें तें २०१८ सालीं, नट इरफान खान यांनीं आपल्याला न्यूरोएंडोक्राइन गांठ असल्याचें जाहीर केलें तेव्हां. २९ एप्रिल २०२० रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें. त्याच मुंबईंत, तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टींत ल्युटेशियम-१७७ तयार होतें व परळच्या किरणोत्सर्गी वैद्यक केंद्रांत तें रोग्यांना दिलें जातें. साडेसहा दिवसांत त्याची शक्ति निम्मी होते, म्हणून तें सांठवून ठेवतां येत नाहीं.

आणि तें जुनें नांव? आतड्याच्या अहवालांत आतां गांठीची श्रेणी आणि विभागणाऱ्या पेशींचें शेंकडा प्रमाण लिहितात. फुप्फुसाच्या गांठींना मात्र ‘कार्सिनॉइड’ अजूनहि म्हणतात.