दर्याची शिकार : मनोरीची जुनी साधने व लहानसहान विधी

शिकार म्हटली म्हणजे डोळ्यांसमोर रान, मचाण आणि बंदूक उभी राहते. खाडीपलीकडे, बोरिवलीच्या डोंगरात वस्ती करून राहिलेल्या वारली व कातकरी बांधवांना ही रानातली शिकार पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद झाली. तिच्या मागे वाघोबाचे पूजन मात्र टिकून राहिले. परंतु मनोरीसारख्या गावाला दुसरी एक शिकार अधिक जवळची आहे. शेतकरी स्वतः पेरतो आणि पेरलेल्या जागीच कापतो. कोळी पेरीत नाही. जे दिसत नाही, ज्याची मालकी आपली नाही आणि जे मिळेलच अशी खात्री नाही, त्याच्या मागे तो दर्यात उतरतो. या अर्थाने मासेमारी ही शिकारच होय, आणि शिकारीला निघणारा माणूस जसा हत्याराची व दैवताची आठवण एकाच वेळी करतो, तसाच कोळीही करतो.

मनोरी, गोराई व उत्तन ही गावे ज्या भूभागावर वसली आहेत, त्याला जुन्या काळी धारावी बेट म्हणत. (मुंबईतील आजच्या धारावीशी याचा घोटाळा करू नये.) १५३४ च्या तहाने वसई व तिच्या आसपासची बेटे पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत हा मुलूख मराठ्यांच्या हाती आला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली. राज्ये बदलली, काही घरांत धर्मही बदलला. परंतु खाडीच्या तोंडाशी येणारी भरती व ओहोटी कोणत्याही राजाची वाट पाहत थांबली नाही. गावाचा खरा कारभार चालला तो तिच्याच तालावर.

हा ताल मोजण्याचे साधन म्हणजे पंचांग. पौर्णिमेला व अमावास्येला या किनाऱ्यावर साधारण बाराच्या सुमारास पूर्ण भरती येते. पुढे तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. घड्याळ नसलेल्या, अक्षर न वाचणाऱ्या तांडेलालाही हा हिशेब तोंडपाठ असे. देवळात तिथी सांगितली जाई ती केवळ उपासासाठी नव्हे. त्या तिथीवर होडी केव्हा काढायची हे ठरत असे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाण्याला ओढ असते, म्हणून जाळे भरते. भांगाला पाणी सुस्तावते आणि जाळेही रिकामे येते. हे भांगाचे दिवस आळसाचे नव्हते. जाळी वर काढून वाळवायची, फाटलेले आस सांधायचे, दोर तपासायचे, ही सर्व कामे याच दिवसांत उरकली जात.

या बाजूच्या किनाऱ्याचे मुख्य हत्यार म्हणजे डोल. मोठ्या नरसाळ्यासारखे हे जाळे तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळते होत जाते. आसही तोंडाकडे मोठे व शेपटाकडे बारीक. समुद्राच्या तळात रोवलेल्या दोन भक्कम खुंटांच्या मध्ये ते प्रवाहाच्या तोंडी बांधून ठेवावयाचे. मासळीच्या मागे धावणे नाही. पाणीच मासळी आणून जाळ्यात घालते. पाणी वळण्यापूर्वी, प्रवाह मंद होताच, जाळे उचलायचे. ही वेळ थोडी चुकली तरी उलट्या पाण्याने जाळे पलटते आणि सारी मेहनत वाया जाते. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा, वाकट्या ही डोलीची मासळी. खुंट रोवणे हे एका घराचे काम नव्हे. होड्या जोडून, अनेक हात लावून, भर समुद्रात ते अवजड लाकूड उभे करावे लागे. म्हणूनच खुंटाच्या जागेचा हक्क साऱ्या गावाने मानायचा असे, आणि त्यावरून तंटा झालाच तर तो वडीलधाऱ्यांसमोर मिटवावा लागे.

डोलीखेरीज लहान साधने कितीतरी. खाडीत लावायची बोकशी. एकट्या माणसाने खांद्यावरून गोल फेकायचा, कडेला शिशाचे मणी ओवलेला पाग. गळ आणि दोरी. चिंबोऱ्यांसाठी कड्याला जाळी बांधून मध्ये आमिष ठेवतात, त्याला काही गावांत फग म्हणतात. अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या असतात हे खाणाऱ्यालाही ठाऊक असते. ओहोटीला खडकावर जाऊन कालवे फोडणे व चिखलातून तिसऱ्या वेचणे हे काम बायकांचे. शिकारीचा हा भाग पुष्कळदा हिशेबात धरला जात नाही, हे योग्य नव्हे. ज्या दिवशी होडी रिकामी येई, त्या दिवशी घरातली चूल याच वेचणीवर पेटे.

नायलॉन येण्यापूर्वी जाळी तागासणाच्या व सुती धाग्याची असत. खाऱ्या पाण्यात ती लवकर कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या पाण्यात बुडवून काढीत. त्याने त्यांना तांबूस रंग चढे. होडीच्या फळ्यांना मुशीच्या तेलाचा हात, दोर काथ्याचे, जाळे तरंगत ठेवण्यासाठी लाकडी पिपे, खाली ओढण्यासाठी दगड. ही यादी पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. यातील ऐन डोंगरातला, काथ्या माडाचा, तेल समुद्राचे. कोळ्याचे हत्यार एकट्या कोळ्याचे कधीच नव्हते. रानाशी व वाडीशी त्याची देवघेव होती. आणि प्रत्येक वस्तू ठराविक काळाने मरत असल्यामुळे तिची काळजी घेणे भाग होते.

विधींचा उगम याच काळजीत आहे असे म्हणणे वावगे ठरणार नाही. पहा : होडीच्या नाळीला हळदकुंकू लावायचे, गोंड्याची माळ घालायची, नारळ वाढवायचा. हे करताना तांडेल नाळेपाशी वाकतो, आणि वाकलेल्या माणसाला सुटलेली फट दिसते. जाळ्याला धूप दाखविताना ते उलगडावे लागते. उलगडले की फाटलेला आस नजरेस येतो. जाळ्याला पाय लागला तर हात लावून नमस्कार करायचा, हा रिवाज आजही अनेक घरांत आहे. किनाऱ्यावर पसरलेल्या जाळ्यावरून माणसे बेदरकार चालू लागली तर ते किती दिवस टिकेल, याचा विचार केल्यास रिवाजाचा अर्थ उघड होतो. दसऱ्याला शेतकरी नांगराची पूजा करतो, तशी होडी, वल्ही, सुकाणू व जाळी यांची पूजा होते. शिमग्याला होड्या किनाऱ्याला आणून सजविण्याची चाल कोळीवाड्यांतून आहे. वर्षभर पाण्यात भिजणाऱ्या होडीला व खलाशाला त्या निमित्ताने विसावा मिळतो.

या सर्वांत श्रेष्ठ दिवस नारळी पौर्णिमेचा. श्रावणातील या पौर्णिमेला सोनेरी वेष्टनाचा नारळ वाजतगाजत नेऊन दर्याला अर्पण करतात आणि मगच होड्या लोटतात. ज्येष्ठ-आषाढात दर्या खवळलेला असतो आणि त्याच दिवसांत पुष्कळ मासळी अंडी घालते. नारळ पडेपर्यंत होडी काढायची नाही, हा निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतलेला होता. त्यासाठी शिपाई लागत नव्हता. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम आला तो १९८१ साली. त्यानंतर बरीच वर्षे सरकारी बंदी १० जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत किंवा नारळी पौर्णिमेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर असे. म्हणजे सरकारी कागदानेही कोळ्याच्या नारळाचा मान राखला होता. २०१५ पासून यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा काळ ठरविण्यात आला आणि नारळाचा व बंदीचा संबंध सुटला. कित्येक वर्षी आता नारळ पडण्यापूर्वीच यंत्राच्या नौका समुद्रात गेलेल्या असतात. पूजा होते, मिरवणूकही पूर्वीपेक्षा मोठी होते. पण ज्या थांबण्यासाठी ती होती ते थांबणे तिच्यात राहिलेले नाही. ही गोष्ट मनाला लागण्यासारखी आहे.

गावातील ख्रिस्ती बांधवांचे रिवाजही याच जातीचे. होडीला पाद्रीबाबांकडून आशीर्वाद घेणे, नाळेवर क्रूस रंगविणे आणि सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीला जाणे. माउलीची मूर्ती एका कोळ्याला समुद्रात सापडली अशी आख्यायिका आहे. हिंदू कोळी चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा आईला जातात. दोघांचेही नवस बहुधा एकच असतात : माणसे सुखरूप परत येऊ देत. पुढे मासळीचे.

सर्वच रिवाज जपण्याजोगे होते असे मात्र नव्हे. बाईने होडीला शिवू नये असा समज काही ठिकाणी होता. होडीतून उतरलेली प्रत्येक पाटी बायकांच्या डोक्यावरून गेली. बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून वलांडीवर वाळत घातले ते त्यांनी, बाजार केला तो त्यांनी आणि उधारी फेडली तीही बहुतेक त्यांनीच. अशा घरात हा समज कसा टिकला, याचे आश्चर्य वाटते. तो मोडला तर देव कोपणार नाही.

यंत्र आले, नायलॉन आले, बर्फ आला. लाकडी पिपांच्या जागी प्लास्टिकचे डबे आले. त्यात गैर काही नाही. वल्हे मारून ज्यांच्या हातांना घट्टे पडले, त्यांनी यंत्राचे स्वागतच केले. वादळाची सूचना आता वेळेवर मिळते, आणि त्यामुळे घराघरांतील कर्ती माणसे वाचतात. परंतु नायलॉन कुजत नाही. तुटून समुद्रात राहिलेले जाळे कोणी पाहत नसतानाही मासळी मारीत राहते. डोलीत आज मासळीबरोबर शहराचा प्लास्टिकचा कचरा येतो. तो निवडण्यात बायकांचा कितीतरी वेळ जातो. बारीक आसात कोवळी पिल्लेही अडकतात. २०२३ साली राज्य शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिले आणि त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केले. लहान मासळी पाण्यात सोडून द्यावी हा विचार जुन्या तांडेलाला नवा वाटला नसता. महापालिकेच्या, समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या मनोरीतील प्रकल्पाची बोलणी सुरू झाली, तेव्हाही कोळ्यांचा पहिला प्रश्न जाळ्याच्या जागेविषयीच होता.

देवळाच्या जीर्णोद्धारासाठी ज्या घरांतून देणग्या आल्या, त्यांतील कित्येक घरांच्या पोटमाळ्यावर अजून काही वस्तू पडून आहेत : जाळे विणण्याची लाकडी सुई, आस मोजण्याची बांबूची पट्टी, पागाचे शिशाचे मणी, एखादे जुने पीप, कोणाच्या आजोबांचे घासून गुळगुळीत झालेले वल्हे. घर दुरुस्तीला काढले की या वस्तू पहिल्यांदा भंगारात जातात. नव्या सभामंडपाच्या एका कोपऱ्यात त्यांना जागा मिळाली, आणि प्रत्येक वस्तूखाली तिचे कोळी बोलीतले नाव लिहिले गेले, तर येत्या नारळी पौर्णिमेला पूजेच्या ताटाशेजारी त्याही मांडता येतील. नावे सांगणारी वृद्ध मंडळी गावात आहेत, तोवर हे काम एका दुपारचे आहे.