पडद्यावरची गती कोणाच्या हाती?

यंत्राची गती कोणी ठरवावयाची, हा कामगार चळवळीतला फार जुना प्रश्न आहे. 1928 साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप चालविला, त्याच्या मुळाशी एका माणसाने किती माग सांभाळावयाचे हाच वाद होता. आमचे बहुतेक आयुष्य या प्रश्नाच्या नादात गेले. म्हणून चित्रपटासारख्या करमणुकीच्या विषयाकडेही आम्ही त्याच बाजूने पाहतो. आपण ज्याला हलते चित्र म्हणतो, त्यात वस्तुतः काहीच हलत नसते. स्थिर चित्रांची लांबच लांब फीत असते आणि एकामागून एक चित्र डोळ्यांपुढून गेले की हालचालीचा भास होतो. ती चित्रे दर सेकंदाला किती घ्यावयाची आणि किती दाखवावयाची, या एका आकड्यावर पडद्यावरची सारी दुनिया अवलंबून असते. हा आकडा कोणी कोणी ठरविला आणि त्यापायी आपल्याच वाडवडिलांची आपल्यापुढे कशी थट्टा झाली, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रारंभी हा आकडा माणसाच्या मनगटात होता. दादासाहेब फाळके यांनी 1912 साली लंडनहून विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा आणला, तो हाताने दांडा फिरवून चालावयाचा. फाळक्यांना गतीचे मर्म पहिल्यापासून कळले होते. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला, त्यापुढे कॅमेरा मांडला आणि महिन्याहून अधिक काळ त्याची थोडी थोडी चित्रे घेतली. पडद्यावर तो अंकूर मिनिटभरात वेल होऊन वर चढला. ‘अंकुराची वाढ’ हे त्या छोट्या पटाचे नाव. त्यानंतर ‘राजा हरिश्चंद्र’ झाला आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढे आला. त्याच्या कोऱ्या फितीच्या कडांना भोके पाडण्याचे कंटाळवाणे काम सरस्वतीबाई फाळके करीत, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्याच करीत. पहिल्या भारतीय चित्रपटाच्या कामगारांत या बाईंचे नाव वरचे लागेल.

आता थोडा हिशेब करू. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रे निघत. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रे, हा त्या काळचा सर्वसाधारण दंडक होता. फितीच्या एका फुटातही सोळाच चित्रे मावतात. तेव्हा सेकंदाला एक फूट, असे सोपे गणित होते. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी 3700 फूट. या गणिताने तो एक तास आणि दीड-पावणेदोन मिनिटे चालला पाहिजे. परंतु काही ठिकाणी त्याची लांबी चाळीस मिनिटे अशी छापलेली आढळते. मधली वीस मिनिटे कोठे गेली? ती कोणी कापली नाहीत. तोच पट पुढे आलेल्या बोलपटाच्या गतीने मोजला की तो चाळीस-एक्केचाळीस मिनिटांत संपतो, एवढाच त्याचा अर्थ.

अर्थात मनगटाचा आकडा कधीच काटेकोर नव्हता. कॅमेरावाला दमला की हात मंदावे. मारामारीचे दृश्य असले की तो मुद्दाम सावकाश फिरवी, म्हणजे पडद्यावर ते जलद दिसे. इकडे प्रोजेक्टरवरचा ऑपरेटरही आपल्या अंदाजाने गती धरी. परदेशांतील पुष्कळ थिएटरांतून एखादा जादा खेळ उरकावा म्हणून चालक फीत भरधाव सोडावयास लावीत. गिरणीतला मालक आणि थिएटरचा मालक यांचे या बाबतीत चांगलेच जमले असते.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. चित्र किती वेळा बदलते ही एक गोष्ट आणि पडदा किती वेळा उजळतो ही दुसरी. सेकंदाला सोळाच वेळा पडदा उजळला, तर तो डोळ्यांना खुपेल इतका लुकलुकतो. म्हणून प्रोजेक्टरमध्ये फिरती झडप बसविली. ती प्रत्येक चित्र तीनदा दाखवी. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. पुढे चित्रे चोवीस झाली तेव्हा तीच झडप दोनदा उघडू लागली. चोवीस दुणे पुन्हा अठ्ठेचाळीस. डोळ्याची मागणी तीच राहिली, पुरवठ्याची रीत तेवढी बदलली.

हे चोवीस आले आवाजाबरोबर. आवाज फितीवर उमटवावयाचा म्हटल्यावर तिची गती एकसारखी हवी, नाहीतर गाणाऱ्याचा गळा क्षणात चढे, क्षणात उतरे. गती फार कमी ठेवली तर बारीक स्वर नीट उमटत नाहीत. फार वाढविली तर फितीचा खर्च वाढतो. या ओढाताणीतून 1926 च्या सुमारास अमेरिकेत चोवीस हा आकडा ठरला आणि दांड्याच्या जागी विजेची मोटर कायमची बसली. आपल्याकडे 1931 चा ‘आलम आरा’ आणि 1932 चा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ यांच्यापासून हा अंमल सुरू झाला.

नंतर दूरचित्रवाणी आली. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि पुढल्या वर्षी सिंहगडावरून त्याचे कार्यक्रम पुणे भागात दिसू लागले. आपल्या देशातील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. तिच्याशी मेळ राखणारी जी युरोपीय पद्धत आपण घेतली, तिच्यात सेकंदाला पन्नास अर्धी चित्रे, म्हणजे पंचवीस पुरी चित्रे पडतात. चित्रपट चोवीसाचा, पेटी पंचविसाची! यावर सोपा तोडगा निघाला: चित्रपटच थोडा जलद सोडावयाचा. ‘संत तुकाराम’ (1936) थिएटरात 131 मिनिटांचा. या गतीने तो सुमारे 126 मिनिटांत आटोपतो. विष्णुपंत पागनिसांचा आवाजही त्याबरोबर चढतो. हार्मोनियमवर एका सुरावरून लगतच्या सुरावर जाताना जेवढा फरक पडतो, त्याच्या सुमारे सत्तर टक्के. साध्या श्रोत्याला ते उमगत नाही. जाणत्या कानाला खटकते.

बोलपटाचे नुकसान असे पाच मिनिटांवर भागले. मूकपटाची मात्र दुर्दशा झाली. सोळाची फीत पंचविसाने सोडली की माणसे दीडपटीहून जलद धावतात. 1930 च्या दांडी यात्रेची मूक दृश्ये आपण सर्वांनी पाहिली आहेत. गांधीजी झपझप चालत हे खरे. परंतु यंत्राच्या घाईने त्यांची चाल पुष्कळदा तुरुतुरु दिसते आणि मुले हसतात. त्याच वर्षी 12 डिसेंबरला आपल्या आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे गिरणी कामगार बाबू गेनू मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीखाली हुतात्मा झाले. त्या पिढीची माणसे कशी चालत, ओझे कसे उचलीत, सभेत कशी बसत, याची हलती साक्ष आज त्या काळच्या अशा फितींतच काय ती उरली आहे. ती साक्ष चुकीच्या गतीने वाचली तर धीरगंभीर माणसे विदूषक ठरतात. अभिलेखागारात फीत जतन करणे जितके अगत्याचे, तितकेच ती योग्य गतीने दाखविणेही अगत्याचे आहे.

आता घरोघरी सपाट पडद्याचे संच आले आहेत. त्यांच्यावर साठ, शंभर, एकशेवीस हर्ट्झ असे आकडे छापलेले असतात. पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र घेऊ शकतो, त्याचा हा आकडा. एकशेवीसाच्या पडद्यावर चोवीसाचा चित्रपट नीट बसतो, कारण प्रत्येक चित्राला पाच पाळ्या समान मिळतात. साठाच्या पडद्यावर एका चित्राला दोन आणि पुढच्याला तीन, अशी असमान वाटणी करावी लागते, आणि कॅमेरा सावकाश वळताना दृश्य किंचित अडखळते. यावर उपाय म्हणून कंपन्यांनी एक युक्ती काढली. दोन खऱ्या चित्रांमध्ये कसे चित्र असेल याचा अंदाज करून यंत्र स्वतःच नवी चित्रे घालते. क्रिकेटच्या सामन्यात चेंडू त्यामुळे स्वच्छ दिसतो. परंतु चित्रपटाची सारी कळा बदलते. राजवाडा रंगविलेल्या फळ्यांचा वाटू लागतो आणि सिनेमा स्टुडिओतल्या मालिकेसारखा दिसतो. कारण मालिका आणि बातम्या आपण पन्नासाच्या गतीने पाहत आलो आणि डोळ्याला तीच सवय जडली. 2018 साली अमेरिकन नट टॉम क्रूझ याने लोकांना हे कलम बंद करण्याची जाहीर विनंती केली. पुढल्या वर्षी काही कंपन्यांनी चित्रपटासाठी वेगळी सोय जाहीर केली.

कोणी विचारील, अधिक चित्रे म्हणजे अधिक चांगले, मग तक्रार कशाची? आमचे उत्तर नारायणगावच्या तमाशात सापडेल. ढोलकीची लय वाढविली म्हणून लावणी चांगली होत नाही. जिची लय तिला द्यावी लागते. खेळाला जी गती शोभते ती कथेला शोभेलच असे नाही. मुख्य म्हणजे, करणाऱ्याने जी चित्रे कधी घेतलीच नाहीत ती त्याच्या नावावर खपविणे हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. कॅमेरावाला, संकलक, रंगभूषाकार यांनी घाम गाळून जे काम केले, ते जसे केले तसे पाहिले जावे, एवढाच त्यांचा हक्क आहे.

फाळक्यांच्या वेळी दांडा कारागिराच्या हाती होता. नंतर तो मोटरच्या, मग वीजमंडळाच्या आवर्तनांच्या आणि आज कारखान्यात बसविलेल्या एका कलमाच्या हाती गेला. पण ते कलम बदलण्याची चावी संचाबरोबर आपल्या घरी आलेली आहे. घरी गेल्यावर मुलाबाळांना घेऊन संचातील चित्राची कलमे उघडून पाहा. गती गुळगुळीत करणारे कलम चित्रपटाच्या वेळी बंद ठेवा, सामन्याच्या वेळी हवे तर सुरू करा. आणि जुन्या फितीत कोणी धावत-पळत हात हलविताना दिसले, तर मुलांना सांगा की तो माणूस असा चालत नव्हता, घाई आपल्या यंत्राला झाली आहे.