विजयसारचा ग्लास आणि बीटा पेशीचा श्वास

जळगाव जामोद, संग्रामपूर मागे टाकून उत्तरेला निघालात की बुलढाणा जिल्हा संपता संपता सातपुडा लागतो. सातपुड्याच्या जंगलातलं एक झाड म्हणजे बिवळा. कुणी बिजा म्हणतं, जाहिरातीत मात्र विजयसार. त्याच्या लाकडाचा ग्लास तुम्ही पाहिला असेल. रात्री पाणी ओतायचं, सकाळी तांबूस झालेलं पाणी अनशेपोटी प्यायचं. शुगर उतरते म्हणे.

उतरते का? हा प्रश्न प्रयोगशाळेत कसा विचारला गेला, त्याची ही गोष्ट.

1981 साली भारतीय संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये एक धाडसी दावा छापला. अ‍ॅलोक्सन नावाचं रसायन उंदरांच्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, मारून टाकतं. अशा उंदरांना एपिकॅटेचिन दिलं आणि पेशी पुन्हा उगवल्या, असं ते म्हणाले. एपिकॅटेचिन हा विजयसारच्या सालीतला घटक. मेलेली बीटा पेशी परत येते? खळबळ उडणारच!

पुढच्या तीन-चार वर्षांत इतरांनी हेच करून पाहिलं. जमलं नाही. त्यात अ‍ॅलोक्सनची एक गोची आहे: काही उंदीर औषधाशिवाय, आपोआपच सावरतात. मग श्रेय कुणाला द्यायचं?

1998 मध्ये आयसीएमआरने चार केंद्रांवरच्या चाचणीचे निकाल दिले. नुकताच टाइप 2 मधुमेह निघालेले 97 रुग्ण, 12 आठवडे विजयसार. 67 जणांची साखर आटोक्यात आली. आकडा चांगलाच आहे. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि माझ्या मते तिथेच या चाचणीचा जोर कमी होतो. नवीन निदान झालेला माणूस जेवणही सांभाळतोच की.

शिवाय रक्तातली साखर मोजून पेशीच्या आत काय चाललंय ते कळत नाही. बीटा पेशी ग्लुकोज घेते, तिच्या मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिजन वापरून ते जळतं आणि एटीपी तयार होतो. एटीपी वाढला की पेशीच्या भिंतीतलं पोटॅशियमचं दार बंद होतं, कॅल्शियम आत शिरतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. हे दार 1984 साली सापडलं. म्हणजे पेशीची ऊर्जा हाच इन्सुलिनचा खटका! मग पेशी किती ऑक्सिजन ओढते, म्हणजे तिचा श्वासच, मोजायचा. आता त्यासाठी यंत्रं आहेत.

2017 मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या गटाने तेच केलं. विजयसार त्यांच्या डोक्यातही नसावा, ते कोकोवर काम करत होते. पण कोकोमध्येही एपिकॅटेचिन असतं! ते दिल्यावर पेशींचा श्वास वाढला, एटीपी वाढला आणि ग्लुकोज मिळताच इन्सुलिनही जास्त सुटलं. इथे मेलेल्या पेशी उगवल्या नव्हत्या. जिवंत पेशींचंच इंजिन जोरात चाललं होतं.

आता ग्लासकडे या. एपिकॅटेचिन काढलं होतं सालीतून, ग्लास बनतो आतल्या लाकडाचा. 2017 च्या पेशी होत्या उंदराच्या गाठीतून वाढवलेल्या, बशीतल्या. आणि टाइप 1 मध्ये तर बीटा पेशी जवळजवळ उरतच नाहीत. जोरात चालवायला इंजिनच नाही. तिथे ग्लासाच्या भरवशावर इन्सुलिन बंद केलं, तर काही दिवसांत जिवावर बेततं.